अंतराळात अडत दुकान

हॉस्टेलवर ‘गेम’ हा शब्द काढला की दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. रात्री दोन वाजता ‘अरे मागनं आला, मागनं आला’ म्हणून बोंबलणारी पोरं, आणि त्यांच्या दारावर थाप मारणारे रेक्टर सर. मी ज्या गेमबद्दल लिहिणार आहे त्यात बोंबलायची गरज पडत नाही. गेली दोन वर्षं मी त्यात व्यापार करतो. आजवर एकही गोळी झाडलेली नाही, आणि तरी तिथल्या लढायांवरच माझं दुकान चालतं. ते कसं, आणि नव्या माणसानं असं दुकान कसं मांडावं, यासाठी हा लेख. वाचकांत प्राध्यापक मंडळीही असणार. त्यांनी ‘पोरगं वाया गेलं’ असं म्हणण्याआधी निदान हिशेबाच्या भागापर्यंत वाचावं, ही नम्र विनंती.

गेमचं नाव ईव्ह ऑनलाईन. आईसलंडमधल्या रेक्याविक शहरातल्या सीसीपी नावाच्या कंपनीनं तो ६ मे २००३ रोजी सुरू केला. यानातून फिरून माल विकायची कल्पना त्याहून जुनी. केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलेला ‘एलिट’ हा गेम १९८४ साली आला, त्यात हेच होतं. पण एलिटमध्ये समोरचा व्यापारी म्हणजे कॉम्प्युटर. ईव्हमध्ये समोर माणूस असतो, आणि तोही आपल्याइतकाच बेरकी! चीनचा सर्व्हर वेगळा आहे, बाकी सगळ्या जगातले खेळाडू एकाच विश्वात नांदतात. पाच हजारांहून जास्त सूर्यमाला आहेत. खेळाडूच अशनी फोडून खनिज काढतात, खेळाडूच त्याची यानं बांधतात, आणि खेळाडूच ती एकमेकांवर आदळून फोडतात. फुटलेलं यान परत मिळत नाही. विम्याचे थोडेफार पैसे हातात पडतात, बाकी नवीन विकत घ्या. २७ जानेवारी २०१४ च्या एका लढाईत ७५ टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात मोठी यानं, एका दिवसात भंगारात गेली. नुकसान खऱ्या पैशात मोजलं तर तीन लाख डॉलरच्या घरात जातं असा अंदाज तेव्हा छापून आला होता. लढणाऱ्यांना त्याचं दुःख झालं असेल. खनिजं आणि सुटे भाग विकणाऱ्यांची मात्र दिवाळी झाली.

भाव कंपनी ठरवत नाही. कोण किती खणतो, कोण किती फोडतो, यावर तो ठरतो. हे प्रकरण इतकं खरं आहे की कंपनीनं २००७ मध्ये एयोल्फुर गुडमुंडसन नावाचे अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवले, गेममधल्या महागाईवर लक्ष ठेवायला. २०१४ साली ते आईसलंडमधल्या आकुरेरी विद्यापीठाचे रेक्टर झाले. (आपले रेक्टर वेगळे, ते कुलगुरू!) गेममधल्या पैशाला ‘इस्क’ म्हणतात. आईसलंडच्या खऱ्या चलनाची खूणही त्याच तीन अक्षरांची, हा त्यांचा घरगुती विनोद.

आता मुद्द्याला येतो. नवीन माणूस बाजाराची खिडकी उघडतो, एखादी वस्तू स्वस्त दिसली की घेतो, आणि मग विचारतो, ‘माल कुठाय?’ माल जिथं विकत घेतला तिथंच पडलेला असतो, कदाचित बारा उड्या लांब. ईव्हच्या बाजाराचा पहिला धडा हाच. प्रत्येक वस्तूला भाव असतो आणि त्या भावाला पत्ता असतो. बाजार प्रदेशवार वाटलेला आहे. एका प्रदेशाचे भाव दुसऱ्या प्रदेशातून दिसत नाहीत, आणि घेतलेला माल आपला आपण, नाहीतर भाड्यानं, हलवावा लागतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझे मामा इथल्या शाहू मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर सौद्याला जायचो. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघायचे, रव्यांच्या थप्प्या लागलेल्या असायच्या, आणि व्यापारी रव्याचा रंग बघत बघत पुढं सरकायचे. मामा म्हणायचे, ‘गूळ पन्हाळ्याच्या पायथ्याला होतो, खपतो गुजरातेत. मधल्या वाटेचे पैसे ते आपले.’ ईव्हमध्ये मी दोन वर्षं जे करतोय ते एवढंच आहे.

बाजार एखाद्या ठिकाणीच का भरतो, हाही मजेशीर विषय. कोल्हापूरला १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली, आणि स्टेशनालगतच १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. माल चढवायची सोय तिथं, म्हणून गूळ तिथं. ईव्हमध्ये राजा नाही. सुरुवातीच्या काळात यूलाई नावाच्या सूर्यमालेत सगळे रस्ते मिळत, म्हणून बाजार तिथं भरायचा. कंपनीनं ते झटपट रस्ते काढून टाकले, आणि व्यापारी हळूहळू जिता नावाच्या सूर्यमालेकडे सरकले. कुणी ठराव केला नाही, कुणी फीत कापली नाही. जितातही एकच स्टेशन, चौथ्या ग्रहाच्या चौथ्या चंद्राजवळचं. आज गेममधली सगळ्यात मोठी पेठ ती, आणि तिथली गर्दी पेलायला कंपनीला तेवढ्या एका सूर्यमालेसाठी सर्व्हरचा स्वतंत्र भाग द्यावा लागला. खालोखाल अमार, डोडिक्सी, रेन्स, हेक. नव्या माणसानं जितात दुकान थाटू नये असं माझं मत. तिथं घाऊक व्यापारी बसलेत. लक्ष्मीपुरीत धान्याच्या पेढ्यांसमोर पाटी घेऊन बसण्यासारखंच ते. त्यापेक्षा जितातून उचलावं आणि हेक किंवा रेन्ससारख्या लहान पेठेत किरकोळ विकावं.

सुरुवात फुकट होते. नोव्हेंबर २०१६ पासून ‘अल्फा’ प्रकारचं खातं पैसे न भरता मिळतं. त्यात काही कौशल्यं आणि मोठी यानं बंद असतात, पण व्यापार शिकायला ते पुरेसं आहे. आधी ‘करिअर एजंट’कडची सोपी कामं करून घ्या, थोडं भांडवल आणि दोन-चार लहान यानं त्यातूनच सुटतात. मग ‘ट्रेड’ हे कौशल्य शिकायला लावा. एरवी तुम्हाला एका वेळी ५ ऑर्डरी लावता येतात. ट्रेडच्या प्रत्येक पायरीला ४ वाढतात, पाच पायऱ्या झाल्या की २५. कौशल्यं घड्याळावर शिकली जातात, खेळून नाही. तुम्ही वर्कशॉपमध्ये जॉब घासत असताना तुमचा अंतराळातला माणूस शिकत असतो. ही सोय आपल्याला का नाही, असा प्रश्न मला सबमिशनच्या आठवड्यात हमखास पडतो.

ऑर्डरी दोन प्रकारच्या. ‘सेल ऑर्डर’ म्हणजे माल मांडून भाव लिहून ठेवणं. ‘बाय ऑर्डर’ म्हणजे ‘या भावाला मिळेल तेवढा घेईन’ अशी पाटी लावून पैसे गुंतवून ठेवणं. घाईतला माणूस दुसऱ्याच्या पाटीवर व्यवहार करतो. व्यापारी स्वतःची पाटी लावतो आणि थांबतो. लढाईवरून यान मोडून आलेल्या गड्याला नवीन तोफ आत्ता पाहिजे असते. त्याला दोन पैसे जास्त गेल्याचं काही वाटत नाही. लुटीचा माल घेऊन आलेल्याला तो आत्ता खपवायचा असतो. त्या दोघांच्या घाईमधली जागा ती तुमची.

पण ती जागा दिसते तेवढी रुंद नसते! मामा पट्टी लिहायचे तेव्हा भावाखाली अडत, हमाली, तोलाई अशा ओळी यायच्या आणि शेवटी राहिलेला आकडा बघून नवखा शेतकरी डोळे विस्फारायचा. ईव्हमध्येही तेच. ऑर्डर लावताना दलाली, आणि विक्री झाली की विक्रीकर. हे दर अपडेटनुसार बदलत आलेत आणि ‘ब्रोकर रिलेशन्स’ आणि ‘अकाउंटिंग’ शिकलं की कमी होतात, त्यामुळे तुमचे दर तुमच्या खिडकीत बघा. उदाहरणापुरते आपण दलाली ३ टक्के आणि विक्रीकर ७ टक्के धरू. एक वस्तू १०० इस्कला बाय ऑर्डरवर घेतली. दलालीसकट ती पडली १०३ ला. विकली १२० ला. त्यातून दलाली ३.६० आणि कर ८.४० गेले, हातात राहिले १०८. म्हणजे डोळ्यांना दिसणारा फायदा २० चा, खरा फायदा ५ चा. आता भाव ११५ वर घसरला तर? हातात १०३.५०. फायदा अर्धा इस्क. भाव ११४ वर आला की तुम्ही घरचं खाऊन दुसऱ्याची भाकरी भाजताय. म्हणून कुठलीही ऑर्डर लावण्याआधी ना नफा ना तोटा होणारा भाव काढून कागदावर लिहा. ज्यांना न्यूमेरिकल मेथड्स जमतात त्यांना हे तोंडी जमायला हरकत नाही.

या गेमला लोक थट्टेनं ‘अंतराळातलं एक्सेल’ म्हणतात. सीसीपीनं २०२२ साली मायक्रोसॉफ्टबरोबर एक्सेलला थेट गेमचा डेटा जोडायची सोय जाहीर केली, तेव्हा ती थट्टा अधिकृत झाली. बाजाराचा डेटा प्रोग्रॅम लिहूनही ओढता येतो, त्याला कंपनीची परवानगी आहे. कॉम्प्युटर आणि आयटीच्या मंडळींनी हे लक्षात घ्यावं. मिनी प्रोजेक्टला दरवर्षी तीच ती लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम बघून परीक्षकही कंटाळले असतील.

माल कोणता घ्यावा? इथं नवी मुलं फसतात ती टक्केवारीच्या मोहानं. एखाद्या दुर्मीळ वस्तूवर दुप्पट फरक दिसतो, पण इतिहासाचा आलेख उघडला तर आठवड्यात एकच नग विकलेला. पैसे अडकले. आधी दिवसाला किती नग खपतात ते बघा, मग भाव. पहिल्या महिन्यात दारूगोळा, साधे सुटे भाग, नवख्यांच्या यानांना लागणारं सामान, असलं रोजचं किराणा घ्या. ट्रिटॅनियम, पायराईट ही खनिजं प्रत्येक यानाला लागतात, पण त्यात मोठ्या भांडवलाची माणसं आहेत. आणि आलेखात काल-परवाच एकदम उंच गेलेली रेघ दिसली, तर ती कुणीतरी मुद्दाम ओढलेली असू शकते. स्वतःच वस्तू गोळा करून भाव चढवायचा आणि मग नवख्याच्या गळ्यात बांधायची, हा तिथला जुना धंदा आहे.

ऑर्डर लावली की कुणीतरी तुमच्याखाली भाव लावतोच. पूर्वी ०.०१ इस्कनं कमी केलं तरी नंबर वर लागायचा. लोक दिवसभर एकेका पैशानं भाव खाली करत बसायचे. मार्च २०२० मध्ये कंपनीनं नियम बदलला, भावाचे पहिले चारच अंक मोजायचे. म्हणजे लाखाच्या वस्तूवर आता किमान शंभर इस्क सोडावे लागतात. शिवाय एकदा बदललेली ऑर्डर पाच मिनिटं पुन्हा बदलता येत नाही, आणि बदलायलाही फी लागते. हा नियम आला ते बरं झालं. ज्याच्याकडे सगळा दिवस मोकळा त्याचाच धंदा, हे थोडं तरी मोडलं. मी सकाळी कॉलेजला जाण्याआधी एकदा आणि रात्री मेसहून आल्यावर एकदा भाव बघतो, मिळून वीस मिनिटं. रोज आपल्या घड्याळात दुपारी साडेचारला सर्व्हर थोडा वेळ बंद असतो, तेव्हा प्रॅक्टिकलमध्ये मन रमवायला हरकत नाही. हॉस्टेलच्या नेटचीही फार काळजी नको. सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशेब करतो, त्यामुळे गोळीबाराच्या गेमसारखं इथं मिलिसेकंदांवर काही अडत नाही.

आता वाहतूक. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण नव्या व्यापाऱ्यांचं भांडवल इथंच बुडतं. सूर्यमालांना सुरक्षेचे आकडे असतात. ०.५ पासून १.० पर्यंत ‘हाय सेक’, म्हणजे पोलीस असलेला भाग. हे पोलीस, त्यांचं नाव काँकॉर्ड, तुम्हाला वाचवत नाहीत. तुम्हाला मारणाऱ्याला ते नंतर मारतात. लुटारूंनी याचा हिशेब पक्का केलाय. स्वस्तातली चार-पाच ‘कॅटॅलिस्ट’ यानं घ्यायची, पोलीस यायच्या आत मालवाहू यान फोडायचं, आपली यानं गेली तर जाऊ द्यायची, आणि पडलेला माल साथीदारानं उचलायचा. मालापैकी साधारण निम्मा वाचतो, निम्मा जळतो. म्हणजे वाचणारा निम्मा माल त्यांच्या यानांच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तरच तुम्हाला मारणं त्यांना परवडतं. हे समीकरण उलटं वापरा. एका फेरीत माल एवढाच भरा की तुम्हाला मारणं हा त्यांचा तोट्याचा धंदा ठरेल. दोन फेऱ्या जास्त होतील, होऊ देत.

२०१० साली एका खेळाडूनं जिताजवळ ‘केस्ट्रेल’ नावाच्या चिमुकल्या यानात ७४ प्लेक्स भरले होते. प्लेक्स म्हणजे गेमच्या वर्गणीचं कुपन, खऱ्या पैशानं विकत मिळणारं. दोघांनी ते यान फोडलं आणि सगळी कुपनं जळाली. किंमत सुमारे १,३०० डॉलर, तेव्हाच्या दरानं ६०,००० रुपयांच्या आसपास! मारणाऱ्यांच्याही हाती काही लागलं नाही. २०१७ पासून प्लेक्ससाठी यानाबाहेरची तिजोरी आहे, त्यामुळे हा प्रकार आता कुणावर यायला नको. पण ऑटोपायलट लावून जेवायला जाणारे महाभाग अजून आहेत. ऑटोपायलट यानाला गेटच्या अलीकडे सोडतो आणि मग ते बैलगाडीसारखं सरकत जातं. माल भरलेला असताना स्वतः चालवा, प्रत्येक गेटला.

रस्ता बंद पडला तर भावाचं काय होतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. ट्रकांच्या रांगा लागल्या, गोकुळचं दूध मुंबईला जाईना, आणि इथं भाजीचे दर विचारू नका असे झाले. एकीकडे दूध ओतायची वेळ, दुसरीकडे दुधाची टंचाई, मध्ये फक्त पाणी. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, ईव्हमध्ये नियार्जा नावाची सूर्यमाला एका आक्रमणात शत्रूच्या ताब्यात गेली. जिता ते अमार या दोन मोठ्या पेठांमधला सुरक्षित रस्ता तिथूनच जायचा. ९ उड्यांचा प्रवास त्या वेळी ४० हून जास्त उड्यांवर गेला. दोन पेठांचे भाव लगेच वेगळ्या वाटेनं चालू लागले. ज्यांनी आधीच अमारमध्ये माल साठवला होता त्यांना घबाड लागलं. हा योगायोग नव्हता. लढाई आठवडाभर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालली होती, बाकीचे फक्त भावाची खिडकी बघत बसले होते. युद्ध कुठं चाललंय, रस्ता कुठं अडणार आहे, हे वाचणं म्हणजे व्यापाऱ्याचा अर्धा अभ्यास.

विश्वासाबद्दल. जितात शिरलात की गप्पांच्या खिडकीत ‘पैसे पाठवा, दुप्पट करून देतो’ अशा ओळी धो धो वाहत असतात. त्या सगळ्या खोट्या. करारपत्रावर वस्तूचं नाव, संख्या आणि शून्यं मोजल्याशिवाय होकार देऊ नका. एका मुलानं आमच्याच मजल्यावर महिन्याची कमाई एका जादा शून्यात घालवली. गेममध्ये फसवणूक नियमाबाहेर नाही, तक्रार करून पैसे परत मिळत नाहीत. २००६ मध्ये एका खेळाडूनं लोकांच्या ठेवी घेणारी ‘बँक’ काढली आणि ७०० अब्ज इस्कहून जास्त रक्कम घेऊन तो चालता झाला. २००९ मध्ये ईबँक नावाच्या दुसऱ्या बँकेच्या प्रमुखानं सुमारे २०० अब्ज इस्क काढून खऱ्या पैशाला विकले. त्याचं खातं कंपनीनं बंद केलं, पण चोरीसाठी नाही, खऱ्या पैशात विक्री केली म्हणून! आपल्याकडे भिशी बुडवून पळालेला माणूस निदान नात्यातला असतो, त्याच्या दारात जाऊन बसता येतं. इथं दारच नाही.

खऱ्या पैशाची ही वाट एकाच बाजूनं उघडी आहे. रुपये देऊन प्लेक्स घेता येतात आणि ते बाजारात विकून इस्क मिळतात, पण इस्क देऊन रुपये घेणं नियमाबाहेर आहे. म्हणजे यात ‘कमाई’ म्हणून काही नाही. मेसचे पैसे प्लेक्समध्ये घालून भांडवल उभारणारे एक-दोघे मी पाहिलेत. त्यांना व्यापार आला नाही, कारण शून्यातून दहा लाख करताना जे कळतं ते त्यांनी विकत घेऊन ओलांडलं. महिनाअखेरीस ते आमच्या ताटात जेवायला होते, ते वेगळंच.

राहता राहिली परीक्षा. ऑर्डर जास्तीत जास्त ९० दिवस चालते आणि तुम्ही नसताना विकत राहते. पीएल सुरू होण्याआधी मी किरकोळ बदलणाऱ्या वस्तू काढून टाकतो. भाव महिनोन्‌महिने फारसा हलत नाही असा माल थोडा चढ्या भावानं मांडतो. बाय ऑर्डरी सगळ्या रद्द करतो, कारण त्यात पैसे अडकून पडतात आणि भाव कोसळला तर तुमच्या अनुपस्थितीत नको तो माल गळ्यात पडतो. एक लांबलचक कौशल्य शिकायला लावून लॅपटॉप बंद. गेल्या सेमिस्टरला शेवटचा पेपर देऊन आलो तेव्हा २५ पैकी १७ ऑर्डरी संपलेल्या होत्या. उरलेल्या आठांवर कुणीतरी माझ्याखाली भाव लावून बसला होता.